तू आळशी नाहीस रे

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, फोनवर रिप्लाय टाकला असता तर दोन ओळींत आटपलं असतं म्हणून नीट बसून लिहितोय. मलिक अंबरनं औरंगाबादला पाणी आणायला बांधलेल्या नहर-ए-अंबरीवर तू लिहीत असलेलं प्रकरण कधीपासून एकाच परिच्छेदावर अडकलंय आणि त्यासाठी तू स्वतःला आळशी म्हणतोयस, ते मला अजिबात पटलेलं नाही.

तूच सांगितलेलं घे ना. तुला फक्त मलिक अंबर कधी वारला ते साल पक्कं करायचं होतं, १६२६, बस. पण पान उघडलं तर तिथं भातवडीची लढाई, १६२४, मग त्या लढाईत शहाजीराजे होते म्हणून ते वाचलं, मग इथिओपियातून गुलाम म्हणून विकलं गेलेलं मलिक अंबर नावाचं पोर निजामशाहीचा कारभार बघायला लागलं ते कसं, मग जहांगीर त्याच्या मुंडक्यावर बाण मारतोय ते चित्र, आणि ते चित्र पार डब्लिनच्या संग्रहालयात आहे हे कळल्यावर तिथली बाकीची मुघल चित्रं, तोवर संध्याकाळ झालेली. आणि खापरी नळांतून शहरात पाणी कसं खेळवलं हे जे लिहायचं होतं ते जिथल्या तिथं.

आता यात फालतू काय वाचलंस सांग? काहीच नाही, आणि मला वाटतं खरी अडचण हीच आहे. रील्स बघत बसलं की थोड्या वेळानं मन खायला लागतं. हे मात्र अभ्यासासारखंच दिसतं त्यामुळे मन टोकतच नाही. शिवाय बघ, लिहिताना ठरवावं लागतं, नळातल्या पाण्याचा दाब कसा सांभाळला असेल, मध्ये मध्ये ते उंच मनोरे का बांधले, हे आपल्या शब्दांत मांडायचं म्हणजे डोक्याला ताण, आणि वाचताना काहीतरी नवीन सापडल्याचा आनंद लगेच मिळतो. वाक्य जिथं अवघड होतं नेमकं तिथंच काहीतरी शोधायची आठवण होते, तू ताडून बघ एकदा.

आणि समोरची यंत्रणाही तशीच बांधलेली आहे. पूर्वी पान संपायचं, पुढचं बघायला बटण दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनं न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि पुढे त्यानंच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. सोफी लरॉय म्हणून एक संशोधिका आहे, तिनं २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलं तर लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो. म्हणजे तू डब्लिनहून नळांकडे परत आलास तरी पूर्ण आलेला नसतोस. याला आळस कसं म्हणायचं?

साइट ब्लॉक करणारी अॅप्स तुझ्या कामाची नाहीत असं माझं मत, कारण तुला ज्या साइट ओढतात त्याच कामालाही लागतात. त्यापेक्षा लिहिताना वाय-फाय बंद, फोन काकूंकडे दे, आणि साल आठवलं नाही, नाव आठवलं नाही की तिथं रिकामी चौकट काढ आणि पुढं चल. सगळ्या चौकटी शेवटी एकदम भर. डोक्यात आलेले बाकीचे प्रश्न शेजारच्या वहीत टाक आणि जेवणानंतर निवांत वाच, ते भटकणं सोडू नको हां, त्यातूनच तर तुला हा विषय सापडला.

पुढच्या महिन्यात मी तिकडे येतोय, नहरीचे जे मनोरे अजून उभे आहेत ते तू मला दाखव. त्याआधी नळांचं पान जसं असेल तसं पाठव, निम्म्या चौकटी रिकाम्या असल्या तरी चालेल, मला वाचायचंय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच