‘काडाव्हर’ म्हणजे माणसाचं प्रेत नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पहिल्या महायुद्धावरचा लेख वाचला. लेख छान जमलाय, पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. जर्मनांनी म्हणे आपल्याच मेलेल्या सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढणारा कारखाना उभारला होता आणि त्याची कबुली एका जर्मन वृत्तपत्रानेच दिली होती. अशी कबुली कुणीच दिली नव्हती. जर्मन वार्ताहराने एक शब्द लिहिला आणि तो इंग्लंडमध्ये इंग्रजी अर्थाने वाचला गेला. माझा सगळा जन्म जर्मन, इंग्रजी आणि मराठीच्या भाषांतरावर गेला आणि नेमक्या याच शब्दावर मीही एकदा तोंडघशी पडले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

तो शब्द म्हणजे ‘काडाव्हर’. १० एप्रिल १९१७ रोजी बर्लिनच्या ‘लोकाल-आन्त्साइगर’मध्ये कार्ल रोझनर या वार्ताहराचा आघाडीवरचा मजकूर छापून आला. चुना भाजल्यासारखा वास येतोय, आपण सैन्याच्या ‘काडाव्हर-फेरव्हेर्टुंग्सआन्श्टाल्ट’वरून चाललो आहोत, इथल्या चरबीचं वंगणतेल होतं आणि उरलेल्याचा भुगा डुकरांच्या खाद्यात आणि खतात जातो, अशी ती दोन-चार वाक्यं. तोंडात न मावणाऱ्या त्या नावाचा साधा अर्थ, मेलेल्या जनावरांचा उपयोग करून घेणारं केंद्र. त्या युद्धात घोडे किती मरत होते हे आपल्याच लेखात दिलंय. आठवड्याभरात, १७ एप्रिलला, लंडनच्या ‘टाइम्स’ने आणि ‘डेली मेल’ने त्या जनावरांची माणसं केली.

ही निव्वळ चूक होती असं मला वाटत नाही. अख्ख्या लंडनात जर्मन जाणणारा एक माणूस या संपादकांना मिळाला नसेल? पण सोय मात्र शब्दाने करून दिली. इंग्रजीत ‘कॅडॅव्हर’ म्हणजे विच्छेदनाच्या टेबलावरचा मानवी देह. जर्मनमध्ये ‘काडाव्हर’ म्हणजे मेलेलं जनावर, आणि माणसासाठी वापरला तर तो शिवीच्या जवळ जातो. लॅटिन मूळ एकच, पण लेकी दोन घरी पडल्या.

माझी फजिती सांगते. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला शीतपेटी हवी होती आणि एका जर्मन कंपनीला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी मसुद्यात होतं, ‘बारा कॅडॅव्हर मावतील अशी’. मी ‘काडाव्हर’ लिहून मोकळी झाले. आठवड्याने अतिशय सभ्य उत्तर आलं. जनावरं कोणती, घोडे की गुरं? सर्वांत जड धूड किती किलोचं? सोबत पेन्सिलीने काढलेला आराखडा होता. छताला लोखंडी रूळ, रुळावर सरकते आकडे आणि खाली पाणी वाहून न्यायला हातभर रुंद पन्हळ. विभागप्रमुखांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि चष्म्यावरून नुसतं पाहत राहिले. दुसऱ्या पत्रात मी ‘क्योर्परश्पेंडर’ लिहिलं, म्हणजे देहदाते. आकडे गेले, कप्पे आले.

माणसाच्या मृतदेहाला जर्मनमध्ये ‘लाइशं’ म्हणतात. पोलीस, डॉक्टर, शेजारी, सगळे. आदराने बोलायचं तर ‘लाइशनाम’. हा शब्द मला फार आवडतो. जुन्या जर्मनमध्ये ‘लीह’ म्हणजे देह आणि ‘हामो’ म्हणजे आवरण, मिळून देहाचं वस्त्र. जीर्ण वस्त्राची उपमा लहानपणापासून कानावर असलेल्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको. पूर्वी हा शब्द जिवंत देहालाही चाले. म्हणून तर कॅथलिकांच्या एका सणाचं नाव ‘फ्रोनलाइशनाम’, प्रभूचा देह.

हाच ‘लीह’ इंग्रजांकडेही होता. चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं जे फाटक असतं, जिथे शवपेटी पाद्र्याची वाट पाहत थांबायची, त्याला ते अजून ‘लिचगेट’ म्हणतात. इतकंच काय, ‘फ्रेंडली’मधला ‘ली’ आणि जर्मन ‘फ्रॉइन्टलिश’मधला ‘लिश’ त्याच देहातून आलेत. पुढे इंग्रजांनी लॅटिन ‘कॉर्पस’वरून फ्रेंचमार्गे ‘कॉर्प्स’ घेतला. तोही आधी जिवंत देहाचा शब्द. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘डेड कॉर्प्सेस’ आहे, तेव्हा ते द्विरुक्त वाटत नसे. त्याच ‘कॉर्पस’चं जर्मनांनी ‘क्योर्पर’ केलं, आणि तो धडधाकट चालताबोलता देह! शरीराला त्यांचा दुसरा शब्द ‘लाइप’, जो इंग्रजी ‘लाइफ’चा सख्खा भाऊ. असो, मी वाहवत चालले.

डिसेंबर १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी कॉमन्स सभागृहात जर्मन सरकारचा इन्कार मान्य केला आणि ही खोटी बातमी पुन्हा कुणी उकरू नये अशी आशा व्यक्त केली. तोवर आठ वर्षं गेली होती. त्याचीही किंमत पडलीच. १९४३ मध्ये ज्यूंच्या हत्याकांडाच्या खऱ्या बातम्या येत होत्या, तेव्हा लंडनच्या परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याने मागच्या युद्धातली हीच चरबीची थाप आठवून त्यांवर अविश्वास दाखवला. तीच थाप आज आपल्या पुरवणीत कबुली म्हणून यावी, याचं वाईट वाटलं. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

जाता जाता आपल्या व्यवसायातलं एक. छपाईत चुकून दोनदा पडलेल्या शब्दाला जर्मन जुळारी ‘होखत्साइट’ म्हणजे लग्न म्हणत आणि गळून गेलेल्या शब्दाला ‘लाइशं’. दुरुस्तीत ‘जनावरांचा’ या शब्दाचं लग्न लागलं तरी माझी हरकत नाही, त्याची लाइशं तेवढी होऊ देऊ नका.

आपली नम्र,
एक निवृत्त भाषांतरकार