होडी पैलतीराला लागली, दादा

विश्रामबाग, सांगली

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते चार लोकांना कळावं असं फार वाटतंय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यात गेम करायला मदत करणारं पायगेम घेऊन मी कृष्णेतल्या होडीचा गेम करत होते. मागे 1929 सालचा आयर्विन पूल, आणि होडी पैलतीराला न्यायची. तीन आठवडे त्यातच अडकले होते. विंडो उघडायची आणि हँग व्हायची. क्लासमध्ये विचारलं तर "आधी परीक्षेचं बघ."

तुमची आमची ओळख जिन्यातली. तरी त्या रात्री कामावरून दमून आलेले तुम्ही तिथंच पायरीवर बसलात. लॅपटॉपला हात न लावता माझ्या वहीत तीन शब्द लिहिलेत : ऐक, हलव, रंगव. कुठलं बटण दाबलंय ते ऐकायचं, मग होडी हलवायची, मग अख्खी स्क्रीन नव्यानं रंगवायची. गेम बंद होईपर्यंत हेच फिरत राहायचं. माझ्या लूपमध्ये, म्हणजे या फिरत राहणाऱ्या कोडमध्ये, "ऐक" नव्हतंच! इव्हेंट, म्हणजे बटण दाबल्याचे निरोप, कुणी उचलतच नव्हतं, म्हणून विंडोजला वाटायचं, प्रोग्रॅम गोठलाय. होडीमागं उरणारी शेपटीसुद्धा दर फेरीला पाण्याचा निळा रंग आधी ओतल्यावर गेली.

पण खरे उपकार पुढचे. माझी होडी लूपच्या दर फेरीला 5 पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे 5 ठिपके, सरकायची. आमच्या जुन्या लॅपटॉपवर सेकंदाला जेमतेम 30 फेऱ्या, म्हणजे 600 पिक्सेलची नदी 4 सेकंदांत पार. मामेभावाच्या नव्या लॅपटॉपवर 300 फेऱ्या. तिथं होडी दिसायच्या आत पलीकडे. तुम्ही म्हणालात, "फेऱ्या मोजू नकोस, मधे गेलेला वेळ मोज." पायगेमच्या क्लॉकचं टिक 60 वर बांधलं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 60 फेऱ्या. मागच्या फेरीपासून किती मिलिसेकंद गेले ते टिकच सांगतं. त्याला हजारनं भागलं की सेकंद, ते होडीच्या वेगानं, सेकंदाला 200 पिक्सेलनं, गुणलं, तेवढे पिक्सेल होडी पुढं. दोन्ही लॅपटॉपवर बरोबर 3 सेकंद! मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मी दहादा तरी पाहिलं.

आता भाकऱ्या झाल्या की आई हात पुसत येते आणि दोन डाव खेळते. काल म्हणाली, "दुसरी होडी कुठाय गं? शर्यत कुणाशी लावायची?" ती लहानपणापासून इथल्या होड्यांच्या शर्यती बघत आलेली. दुसरी होडी करायला घेतलीय, अडले तर जिन्यात गाठेनच. आईनं तुमच्यासाठी भडंगाचा डबा भरून ठेवलाय, येता-जाता घेऊन जा.

तुमची,
तळमजल्यावरची धाकटी बहीण