जंतू ओळखण्याची डिस्क औषधांच्या यादीत नको

मा. संपादक,
स. न.

प्रतिजैविकांच्या बेसुमार वापरावर आपण वेळोवेळी छापता, ते योग्यच आहे. पण डॉक्टर ज्या कल्चर रिपोर्टवर (नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या अहवालावर) विसंबून औषध लिहितात, तो लॅबमध्ये कसा तयार होतो याकडेही लक्ष जायला हवे. जंतू वाढवलेल्या प्लेटवर ठेवायच्या, औषध मुरवलेल्या कागदी डिस्क दोन प्रकारच्या असतात. कोणते औषध लागू पडेल हे पाहण्याची डिस्क वेगळी आणि जंतू कोणता हे ओळखण्याची वेगळी. दिसायला दोन्ही सारख्याच, ६ मिमीच्या, त्यामुळे सरमिसळ होते.

बॅसिट्रॅसिन या प्रतिजैविकाचेच पाहा. घसा धरणारा आणि पुढे रूमॅटिक तापातून हृदयाच्या झडपा खराब करू शकणारा ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस ओळखायला ०.०४ युनिटची डिस्क लागते. बाजारात १० युनिटचीही मिळते, म्हणजे अडीचशे पट तीव्र. ती ठेवली तर स्ट्रेप्टोकॉकसच्या बी, सी, जी या गटांमध्येही झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ) उमटू शकतो आणि सगळेच ‘ग्रुप ए’ ठरतात. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय डिस्क उचलू नये.

दुसरी चूक म्हणजे घशाच्या स्वॅबच्या पहिल्याच प्लेटवर डिस्क ठेवणे. घशातल्या इतर जंतूंच्या गर्दीत झोन झाकला जातो. आधी बीटा हिमोलिसिस (भोवतालच्या रक्तपेशी पूर्ण फुटून स्वच्छ कडे) दाखवणाऱ्या तीन-चार कॉलनी उचलून नवीन ब्लड अगरवर (रक्त मिसळलेल्या माध्यमावर) शुद्ध वाढ घ्यावी आणि कॅटलेज निगेटिव्ह (हायड्रोजन पेरॉक्साइडने बुडबुडे न येणारी) असल्याची खात्री करावी. मग जंतू दाट, एकसारखे पसरवून (स्ट्रीकिंग करून) डिस्क ठेवावी. पातळ पसरले तर खोटा झोन दिसतो. ०.०४ युनिटला कितीही छोटा झोन आला तरी तो धरायचा. सी आणि जी गटांचे काही स्ट्रेनही (उपप्रकारही) बॅसिट्रॅसिनला सेन्सिटिव्ह, म्हणजे दाद देणारे, निघतात, म्हणून शेजारी कोट्रायमोक्साझोलची (१.२५/२३.७५ मायक्रोग्रॅम) डिस्क हवीच. ए आणि बी तिला दाद देत नाहीत. सी, जी बहुधा देतात. शेवटी पीवायआर या एन्झाइम-चाचणीने पक्के करावे.

न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकॉकस ओळखायला ५ मायक्रोग्रॅम ऑप्टोचिनची डिस्क. ३५ ते ३७ अंशांना, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, १८ ते २४ तास. डिस्कसकट झोन मोजून १४ मिमी किंवा जास्त आला तर न्यूमोकॉकस. त्याहून लहान झोन असेल तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे न ठरवता सोडियम डिऑक्सिकोलेटने बाइल सोल्युबिलिटी (पित्तक्षारात जंतू विरघळतो का ही) चाचणी करावी. प्लेट साध्या हवेत ठेवली तर झोन वाजवीपेक्षा मोठा येतो आणि घशातला निरुपद्रवी व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकस गट न्यूमोनियाचा जंतू ठरू शकतो. ऑप्टोचिन १९११ च्या सुमारास औषध म्हणून पुढे आले होते, पण रुग्णांची दृष्टी जाऊ लागल्याने मागे पडले. त्याच्यापुढे ‘सेन्सिटिव्ह’ छापून रिपोर्ट डॉक्टरांच्या हाती देणे गैरच!

लघवीच्या कल्चरमध्ये कोॲग्युलेज निगेटिव्ह (रक्तद्रव न गोठवणारा) स्टॅफिलोकॉकस दिसला की ‘त्वचेवरचा असेल’ म्हणून सोडून देतात. तरुण स्त्रियांच्या बाबतीत हे घातक आहे. ५ मायक्रोग्रॅम नोव्होबायोसिनच्या डिस्कभोवती म्युलर-हिंटन अगर या माध्यमावर झोन १६ मिमी किंवा कमी असेल तर तो स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफिटिकस असू शकतो, आणि तो खराखुरा संसर्ग करतो.

ब्लड अगरसाठी मुदत संपलेल्या रक्तपिशवीतले मानवी रक्त वापरू नये. त्यातले सायट्रेट, ग्लुकोज आणि दात्याची प्रतिपिंडे वाढीत आणि हिमोलिसिसमध्ये घोळ करतात, शिवाय हाताळणाऱ्याला संसर्गाचा धोका असतो. मेंढीचे ५ टक्के रक्तच हवे.

डिस्कचा साठा उणे २० अंशांना, रोजच्या वापरातल्या डिस्क २ ते ८ अंशांना सिलिका जेलसह ठेवाव्यात. फ्रिजमधून काढल्याबरोबर झाकण उघडले की आत दव धरते आणि डिस्क मऊ पडते. बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. प्रत्येक नवीन लॉटवर एक ठाऊक सेन्सिटिव्ह आणि एक ठाऊक रेझिस्टंट (दाद न देणारा) स्ट्रेन लावून झोन वहीत नोंदवावा.

लॅबचालकांना कळकळीची विनंती आहे की जंतू ओळखण्याच्या डिस्कचे निकाल औषधांच्या तक्त्यात घालू नका, जंतूच्या नावापुढे ‘ओळख कशाने’ म्हणून लिहा. आणि डॉक्टरांनीही रिपोर्टात ऑप्टोचिन वा नोव्होबायोसिन दिसले तर लॅबला लगेच फोन करावा.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे एक अध्यापक, पुणे