बेळगावच्या पार्किंगमधल्या वॉचमन मामांना

मामा, तुमचं नाव विचारायचंच राहिलं बघा, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहायलोय. गेल्या रविवारी खडेबाजाराजवळ एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात जी पांढरी कॅम्पर व्हॅन अडकलेली, छतावर सोलर प्लेट असलेली, ती आमची. कॉम्प्लेक्सचं नाव लिहीत नाही, उगं तुमच्या नोकरीला त्रास नको.

निपाणीहून बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेलो, गाडीत मी धरून दहाजण. गेटवर बोर्ड 2.4 मीटर, म्हणजे 7 फूट साडेदहा इंच. आणि माझी गाडी छतावरच्या पंख्यासकट 7 फूट 8 इंच, मी स्वतः टेप लावून मोजलेली. अडीच इंच मोकळे आहेत की, म्हणून बिनधास्त घातली आत. आत जाताना कुठं घासली पण नाही.

खरं निघताना रॅम्पच्या तोंडाला वर कर्रर्र झालं आणि पोटात गोळाच आला, पंख्याचं झाकण बीमला टेकून तडकलं, मागं पाच-सहा गाड्या हॉर्न मारायलेत, एकजण म्हणतोय रेस दे निघतंय, दुसरा म्हणतोय पंखाच काढून टाका, आणि मी घामानं थबथबलेलो. तेवढ्यात तुम्ही आलासा. आधी इंजिन बंद करा म्हणालासा, मागच्या चाकाजवळ वाकून बघितलासा आणि एकच विचारलासा, "येताना किती माणसं होती?"

मामा, ह्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. येताना दहाजण आणि टाकीत 80 लिटर पाणी, वजनानं चाकावरचे स्प्रिंगचे पाटे दबलेले. जाताना बायका बस्त्याच्या पिशव्या घेऊन वर रस्त्यावर उभ्या, पाणी वास मारतंय म्हणून मी खालीच सोडून दिलेलं, आत मी एकटा. गाडी मोकळी झाली आणि मागनं उचलली. टेप लावलेली ती पण भरल्या गाडीला, ते वेगळंच.

मग तुम्ही गाडी आधी हातभर खाली घ्यायला लावलासा आणि वर जाऊन सगळ्यांना बोलावून आणलासा, शिवाय दुकानातली चार पोरं, दोन हमाल, सगळे मागं बसवलासा. आमची आत्या "आता काय गाडीसाठी मीठ-मोहरी ओवाळू काय" म्हणत चढली. तरी अर्धा इंच कमीच पडत होता, तेव्हा चारी चाकांची थोडी थोडी हवा सोडलासा, टायर जरा पसरेपर्यंतच, रिम टेकू द्यायची नाही म्हणून दोनदा बजावलासा. आणि पुढं उभं राहून "बर्री (या), बर्री, सावकाश". सावकाश हा शब्द कानडीत पण तोच, त्यामुळं तेवढं तरी लगेच कळलं. बीमखालनं गाडी सुटली तेव्हा आतल्या पोरांनी शिट्ट्याच मारल्या.

वर आल्यावर तुम्ही जे सांगितलासा ते मी डॅशबोर्डवर चिकटवलंय. कागदावरची उंची धरायची नाही, पंखा-कॅरियर धरून मोकळ्या गाडीची मोजायची, फुटात पण आणि मीटरमधे पण. बोर्ड गेटपुरताच खरा, आत पाण्याच्या पायपा आणि दिवे खाली लोंबतात. आणि रॅम्प खाली सपाटीला मिळतो तिथं सगळ्यात धोका, पुढची चाकं एका उतारावर, मागची दुसऱ्यावर, मधलं छत वर येतं, लांब गाडीला तर जास्तच. हे मला शाळेत कुणी नीट सांगितलं असतं तर भूमितीत नापास झालो नसतो. आता गाडीत कळकाची काठी ठेवलीय, गाडीपेक्षा दोन इंच जास्त, भाऊ ती धरून पुढं चालतो. नाहीतर सरळ उघड्यावर लावायची आणि रिक्षानं बाजारात जायचं.

हवा भरायला पंक्चरवाल्याकडं हळूहळू गेलो, तुम्ही म्हणालासा तसं, हायवेला लागायच्या आधी. पैसे द्यायला हात पुढं केला तर तुम्ही गेटकडं निघूनच गेलासा. परवा परत आलो तर तुमची ड्युटी बदललेली. शेजारच्या पानपट्टीवर कुंद्याच्या मिठाईचा डबा ठेवलाय, "व्हॅनवाल्यानं दिलाय" एवढं सांगा, तो देईल. लवकर घ्या मामा, त्या पानवाल्याची नजर मला काय बरी वाटली नाही.