आवक नंबर घेतला काय?

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोस्टानं पाठवलं असतं तर तुम्ही वाचून फाइलीत लावलं असतं, आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. मागच्या आठवड्यात माझ्या सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला एक पोट्टा बोलता बोलता तुम्हाला ‘पडेल आमदार’ म्हणून गेला. तो आमच्याच गावचा. आमच्या नाल्यावरच्या पुलावरून गाडी उडवत आला होता. गर्दी होती, मी गप्प बसले. ते मनाला लागून राहिलं.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं, फाट्यापासून ४ किलोमीटर आत. मधे नाला, नाल्यावर रपटा, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी चढलं की बाळंतीण असो की दुधाचे कॅन, सगळं जागच्या जागी. २०१२ मध्ये मी आठवीत होते. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढं तालुक्याला. मानव विकास मिशनच्या निळ्या बस तेव्हा नव्या होत्या, आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेणाऱ्या. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठी ही योजना. आमच्याकडची बस मात्र फाट्यावरूनच वळायची. रपटा धोक्याचा, हे कारण. खोटं नव्हतं ते. पण आम्ही पाच जणी चिखल तुडवत फाट्यापर्यंत जायचो आणि त्यातल्या दोघींची शाळा पोळ्याच्या आधीच सुटली, ती सुटलीच.

आई मला घेऊन तुमच्याकडं आली. “तीन खेप अर्ज देल्ला, भाऊ.” तुम्ही पाय टेकवून बंगई थांबवलीत.

“देल्ला ना? मंग आवक नंबर कोठी हाय?”

आवक नंबर म्हणजे अर्ज कचेरीत नोंदल्याचा क्रमांक. आईला वाटलं, हेही टाळतात. मला तर रागच आला. एवढा मोठा माणूस, एक फोन लावायला काय जातं? तुम्ही फोन लावला नाहीत. कागद, कार्बन आणि पेन माझ्याकडं सरकवलंत. “लिही वं. शाळेत तुलेच जायचं हाय ना?” मी पहिल्याच ओळीत ‘माननिय’ लिहिलं. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. “नी मोठी. सायबाले हसाले जागा ठेवायची नाही.” तो कागद फाडून मी पुन्हा लिहिला. शेजारी टाइपरायटर झाकून ठेवलेला होता, पण तुम्ही तो उघडायला लावला नाहीत. माझ्याच वाकड्या अक्षराखाली तुमचा शेरा आणि सही. मग आईला सांगितलंत, “एक परत त्याहिची, एक तुमची. तुमच्या परतीवर शिक्का, तारीख अन् नंबर पडल्याबिगर टेबलासमोरून हालू नका.”

आई हलली नाही. दुपारचं जेवण झाल्यावर या, असं सांगितलं तरी तिथंच बसून राहिली. नवरात्राच्या सुमारास बस रपट्यापर्यंत यायला लागली. पाणी असलं की बस त्या काठाला, आम्ही या काठाला, तो भाग वेगळा.

पुलाला मात्र आणखी पाच वर्षं लागली. दोन हिवाळी अधिवेशनांत तुम्ही प्रश्न लावलात. एकदा गावातली वीसेक माणसं नागपूरला आली, त्यात मीही होते. आमदार निवासाच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून झोपलो, सकाळी तर्री-पोहे खाल्ले. त्या पोह्यांच्या वेळी कुणीतरी विचारलं, हा अनुशेष अनुशेष म्हणतात तो काय असते? तुम्ही विदर्भाला वाट्याचा निधी देण्याचा १९५३ चा नागपूर करार सांगितलात, मागे पडलेल्या भागांची तूट मोजणारा १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल सांगितलात, कुणाला काही कळलं नाही. मग म्हणालात, “थोरल्याच्या वावरात हीर हाय, धाकट्याच्या वावरात नाही. बापानं दोघांले सारखी मोटर देल्ली. झाला काय न्याय? धाकट्यानं मोटर डोक्याले बांधावी काय?” २०२० मध्ये या अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या विदर्भ विकास मंडळाची मुदत संपल्याची बातमी वाचली, तेव्हा मला ती मोटर आठवली.

तुमचं सगळंच मला पटलं असं नाही. पक्ष बदललात ते नाही पटलं, आणि कॅनॉलचं पाणी दोन निवडणुकांत दाखवलंत ते अजून आलेलं नाही. वावरं तशीच पावसावर आहेत. लग्नं, तेरवी, भागवत सप्ताह, सगळीकडं पंगतीत शेवटी बसायचात, त्याचं लोक कौतुक करतात. मला त्यापेक्षा तुमच्या लोखंडी कपाटातल्या गावागावांच्या फायली जास्त आठवतात. तुम्ही सरपंच असतानाच्या पावत्याही त्यात होत्या.

आता सेवा हमीचा कायदा आहे, २०१५ पासून. अर्ज केला की पोच द्यावीच लागते, मुदत लिहावी लागते. तरी लोक पोच न घेताच उठतात. मी म्हाताऱ्यांनाही ओरडते, “बापू, पावती!” एक आजीबाई मला ‘आवकवाली’ म्हणते. परवा तिच्या श्रावणबाळच्या अर्जाची पोच मी तिच्या लुगड्याच्या गाठीत बांधून दिली.

तुमच्या दारावरून रोज जाते. पूर्वी चपला फाटकाबाहेर यायच्या, आता दोन-तीन जोड दिसतात. आत यायचं धाडस होत नव्हतं. भाऊ, त्या अर्जाची कार्बन प्रत अजून माझ्याकडं आहे, शिक्क्यासकट. निळी शाई फिकी पडली, नंबर वाचता येतो. त्या दिवशी आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते. मनापासून.

तान्ह्या पोळ्याला माझा मुलगा लाकडी बैल घेऊन तुमच्या दारी येईल. त्याचा बोजारा काढून ठेवा.

आपली,
रपट्याच्या गावची पोरगी