गणपतीच्या मालाची एकत्र खरेदी
दुकानदार सभासदहो, साखर आणि तेलाची मागणी गुरुवारी रात्री ९ पर्यंत ग्रुपवर टाका. साखर ५० किलोच्या पूर्ण पोत्यात, तेल १५ किलोच्या डब्यात. ‘बघून सांगतो’ ही मागणी धरली जाणार नाही. आयत्या वेळी चार पोती कमी केली की गाडीचं तेच भाडं उरलेल्या पोत्यांवर चढतं, ठरलेला भावही हलतो.

बिल प्रत्येकाच्या जीएसटी नंबरवरच घ्यायचं. सगळा माल एकाच्या नावावर निघाला तर बाकीच्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही (कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या दुकानदारांना, ती तसंही नाही).

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माल उचलताना पोती काट्यावर घ्या. ओलं, फाटलं पोतं दिसलं तर पावतीवर लिहूनच सही करा. सहीनंतर तक्रार कोण ऐकतो?