जलपर्णी काठावर सोडू नका, शेताला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मांजरीत मुळा-मुठेच्या काठी आमची तीन एकर काळी जमीन आहे. उन्हाळ्यात नदी जलपर्णीनं झाकली की डासांच्या बातम्या येतात. त्या खऱ्याच आहेत, दिवेलागणीला आम्हालाही दार लावून घ्यावं लागतं. पण ही जलपर्णी माजते कशावर, हे कुणी सांगत नाही.

ती माजते शेतातल्या नत्रावर, म्हणजे नायट्रोजनवर. एका एकरावरच्या हवेत तीसेक हजार टन नत्र असतं, तरी त्याच्याखाली गव्हाचं रोप नत्रावाचून पिवळं पडतं. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सोडवणं पिकाला जमत नाही. वळवात वीज कडाडते तेव्हा थोडे सुटतात. बाकी काम जिवाणूंचं. माझे सासरे उसाचा खोडवा मोडला की हरभरा घ्यायचेच, हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधी हरभरा घेतलेलं रान, पुढच्या पिकाला मानवतो म्हणायचे. मी नवी सून असताना त्यांनी फुलोऱ्यातलं एक रोप उपटून मुळावरची जिवाणूंची गाठ नखानं फोडून दाखवली होती. आत गुलाबी होती. गुलाबी असली तर गाठ काम करतेय, असं ते सांगत. आता हेच काम कारखाने प्रचंड दाबाखाली करतात आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र आपल्याला विकत मिळतं.

तेच नत्र गहू, डाळ, दूध होऊन पुण्याच्या ताटात जातं. मोठ्या माणसाच्या अंगात ते साठत नाही. जेवढं खाल्लं जवळजवळ तेवढंच बाहेर पडतं, माणशी वर्षाला चारेक किलो. मैलापाणी शुद्ध केलं तरी नत्र काढायची वेगळी सोय नसेल तर ते विरघळलेलं तसंच पुढे येतं, आणि बरंच पाणी तर शुद्ध न होताच नदीत येतं. आमच्या टोमॅटोला या पाण्यावर, युरियाचा दाणा न टाकता, पाला भरमसाट येतो. फळ कमी धरतं, वर मावा ही कीड पडते ती निराळीच.

वाहून जाणारं हे नत्र जलपर्णी अडवून धरते, म्हणून तिचं पुढे काय करतात ते महत्त्वाचं. गेल्या मे महिन्यात आमच्या बांधाजवळ यंत्रानं ती काढून ढीग लावले. उचलायला कुणी फिरकलं नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ढिगांतून काळं पाणी निघालं आणि नदीत गेलं. तिथून भीमा, पुढे उजनी धरण. काढण्याचा सगळा खर्च वाया गेला, याचा मला फार त्रास झाला.

मी त्यातली एक ट्रॉली आधीच आणली होती. चार दिवस सुकवली, शेणाचे थर दिले, तीन महिन्यांत दोनदा ढीग पालथा केला. ढीग आतून चांगला तापला तरच बी मरतं, नाहीतर तीच शेतात उगवेल. जलपर्णी पाण्यातले जड धातूही शोषते, त्यामुळे खत तपासल्याशिवाय भाजीला घालू नये. मी ते बांधावरच्या झाडांना घातलं.

यंदा काढलेली जलपर्णी काठावर न सोडता शेतकऱ्यांना द्यावी आणि तयार खताची तपासणी सरकारी खर्चानं व्हावी, एवढी मागणी आहे. आमच्या बांधालगत दोन गुंठे मोकळे आहेत, ट्रॉली आत येते. मे संपायच्या आत कळवलं तर शेण आम्ही घालू.

आपली,
एक शेतकरी महिला, मांजरी, पुणे